संख्याशास्त्राची पदवी : नियम, अभ्यासक्रम आणि संधी

खरीप पिकांच्या काढणीच्या वेळी यवतमाळ जिल्ह्यातील निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग घेतले जातात. शेतातील ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील उत्पादनाचे वजन केले जाते आणि अशा काही प्रयोगांच्या सरासरीवरून संपूर्ण महसूल मंडळाचे उत्पादन ठरवले जाते. २०१६ पासून लागू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील भरपाईचा हिशेब या सरासरीशी जोडलेला आहे. थोड्या शेतांवरून हजारो शेतकऱ्यांविषयी निष्कर्ष काढण्याचे हे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. कापसाच्या या जिल्ह्यात या विषयाची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचे नियम व अभ्यासक्रम यांची नीट माहिती असणे आवश्यक आहे.

विद्यापीठ आणि प्रवेश

यवतमाळ जिल्ह्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन हे विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्याचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार चालतो. अभ्यासक्रम त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ तयार करते, तर त्यास विद्या परिषदेची मान्यता लागते.

संख्याशास्त्र हा विषय प्रामुख्याने बी.एस्सी. पदवीत घेतला जातो. त्यासाठी बारावीला गणित घेतलेले असणे सर्वसाधारणपणे अपेक्षित असते. पूर्वीच्या रचनेत विद्यार्थी तीन विषयांचा गट निवडत असे. गणित, संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र हे असे परिचित गट होते. तिन्ही विषयांना सारखेच स्थान असल्याने पदवी एका विषयाची नसून गटाची असे.

श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यात नवी रचना आली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तीत एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प असे घटक आहेत. मुख्य विषयास मेजर व दुय्यम विषयास मायनर म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. तासिकांच्या स्वरूपातील अध्यापनाचे १५ तास अथवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे सत्रातील एक श्रेयांक. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र किंवा पदविकेसाठी कौशल्याधारित अभ्यासक्रमाचे अथवा इंटर्नशिपचे ४ जादा श्रेयांक मिळवावे लागतात. मध्येच शिक्षण थांबवणाऱ्यास तीन वर्षांच्या आत परतण्याची मुभा असून संपूर्ण पदवी कमाल सात वर्षांत पूर्ण करावयाची असते. चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात.

घरच्या अडचणीमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याला ही तरतूद आधार देते. मात्र प्रमाणपत्र वा पदविका ही पदवी नव्हे. नोकरीच्या जाहिरातीत जेथे पदवीची अट असते, तेथे ती चालत नाही.

काय शिकवले जाते

प्रारंभी माहितीचे वर्गीकरण, मध्य, मध्यगा, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि संभाव्यता हे विषय येतात. त्यानंतर द्विपद, पॉयसन व प्रसामान्य ही वितरणे, नमुना पाहणी, अनुमानाचे सिद्धांत, गृहीतकांचे परीक्षण, समाश्रयण, प्रसरण विश्लेषण आणि प्रयोगांची आखणी यांचा क्रम लागतो. निर्देशांक, जन्म-मृत्यूची आकडेवारी, उत्पादनातील गुणवत्ता नियंत्रण हे उपयोजित भाग असतात. पूर्वी कॅल्क्युलेटरवर होणारी प्रात्यक्षिके आता बहुतेक ठिकाणी एक्सेल व 'आर' या संगणकीय साधनांवर होतात.

या अभ्यासाचे मोल एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. समजा, एका मंडळात दहा शेतांतील प्रयोगांवरून कापसाचे उत्पादन हेक्टरी सरासरी ६ क्विंटल निघाले आणि शेताशेतांतील प्रमाण विचलन २ क्विंटल आहे. अशा वेळी सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.६ क्विंटल येते. म्हणजे मंडळाचे खरे उत्पादन ५ किंवा ७ क्विंटल असणेही असंभवनीय नाही. विम्यासाठी उंबरठा उत्पादन ८ क्विंटल धरले, तर ६ क्विंटलला विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई बसते. खरे उत्पादन ७ असेल तर ती साडेबारा टक्के आणि ५ असेल तर साडेसदतीस टक्के व्हायला हवी. प्रयोग किती घ्यावेत, शेते कशी निवडावीत आणि निवड निःपक्षपाती का असावी, या प्रश्नांचे उत्तर नमुना पाहणीच्या सिद्धांतात असते. काही पिकांसाठी उपग्रहावर आधारित अंदाजांची जोडही दिली जाऊ लागली आहे. ते अंदाज तपासण्यासाठीही हेच शास्त्र लागते.

कापसाशी जुने नाते

संख्याशास्त्र आणि वऱ्हाडातील कापूस यांचे नाते जुने आहे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे आणि आर. जे. काळमकर यांनी १९४०च्या दशकात मध्य प्रांत व वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाची नमुना पाहणी केली. पैसेवारीच्या अंदाजाऐवजी यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील प्रत्यक्ष कापणीवर भर देण्याची पद्धत अशा पाहण्यांतून रुजली. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी शेती क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कृषी शिक्षणात तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. विद्यापीठीय अध्यापनात कोल्हापूरचे डॉ. व. शं. हुजूरबाजार यांचे स्थान मोठे आहे. पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभाग त्यांनी १९५३ मध्ये उभारला.

'सर्व सत्रांत' ही अट

विषय निवडताना सर्वाधिक दुर्लक्ष होते ते भरतीच्या नियमांकडे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतील 'सांख्यिकी अन्वेषक श्रेणी-२' या पदासाठी संख्याशास्त्र पदवीच्या तिन्ही वर्षांत अथवा सर्व सहा सत्रांत शिकलेले असावे, अशी अट घातली जाते. 'कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी' पदासाठी पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असणे किंवा बारावीला गणितात किमान ६० टक्के गुण असणे पुरेसे धरले जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र विषय असलेला उमेदवार बसू शकतो. या परीक्षेत सामान्य इंग्रजी व सामान्य अध्ययनासह संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिका असतात.

जुन्या तीन विषयांच्या गटात विषय सहाही सत्रे सोबत असे. नव्या रचनेत दुय्यम विषय प्रत्येक सत्रात असेलच असे नाही. म्हणून संख्याशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी उत्तम गुणांची असूनही एखाद्या पदासाठी तो अपात्र ठरू शकतो. तिसऱ्या वर्षानंतर ही उणीव भरून काढण्याचा सोपा मार्ग नसतो.

प्रवेशापूर्वी काय पाहावे

महाविद्यालयात संख्याशास्त्र मुख्य विषय म्हणून उपलब्ध आहे काय, तो कोणत्या सत्रांत शिकवला जातो, गुणपत्रिकेवर विषयाचे नाव स्पष्ट येते काय आणि चौथ्या वर्षाची सोय आहे काय, हे चार प्रश्न प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच विचारावेत. श्रेयांक ज्या शैक्षणिक बँकेत जमा होतात, तेथील खाते वेळीच उघडून नोंदी तपासाव्यात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्यातील विद्यापीठांच्या प्रवेश प्रक्रियेखेरीज आयआयटींच्या संयुक्त प्रवेश परीक्षेतील गणितीय संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि नवी दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था हे मार्ग आहेत. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची जिल्हा कार्यालये दरवर्षी जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करतात. सोळा तालुक्यांच्या यवतमाळचे आकडे त्यात पाहावयास मिळतात. वर्गात शिकलेल्या सूत्रांचा सराव आपल्याच तालुक्याच्या आकड्यांवर करण्यासाठी याहून सोयीचे साधन नाही.