हिरडा, हिराकस आणि आपली लेखणी

“पेन जमवणे ही चैन आहे. चळवळीतल्या माणसाला असले शौक शोभत नाहीत.”

एका अभ्यासवर्गात आम्ही आमचे शाईचे पेन टेबलावर मांडले, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता असे म्हणाला. त्याचा राग खोटा नव्हता. ज्याच्या वस्तीत अजून मुलांना वेळेवर वही मिळत नाही, त्याने अकरा पेनांकडे पाहून दुसरे काय म्हणावे? त्या दिवशी आम्ही चार वाक्यांत उत्तर दिले. ते आमचे आम्हालाच पुरेसे वाटले नाही, म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. आमच्या अकरांपैकी सोन्याची निब फक्त एकाला आहे. बाकीचे जुन्या बाजारातून, रद्दीवाल्याकडून आणि मित्रांच्या ड्रॉवरमधून आलेले. त्यातले दोन-तीन कायम भरलेले असतात. कोणत्या पेनात कोणती शाई चांगली चालेल, हे ठरवण्यात आम्हाला आनंद होतो आणि तो आम्ही लपवत नाही. पण हा नाद आम्हाला लागला तो एका नुकसानीमुळे.

आमचे वडील गिरणी कामगार आणि चाळीतल्या मंडळाचे चिटणीस. मंडळाची इतिवृत्ताची वही तेच लिहीत. जयंतीची वर्गणी, ग्रंथालयाची पुस्तके, नामांतराच्या मोर्चांची तयारी, सगळे त्या वह्यांत होते. २६ जुलै २००५ च्या पुरात वह्यांची ट्रंक पाण्यात बुडाली. वह्या उन्हात वाळवल्यावर पाहिले, तर नामांतराच्या काळातली पाने फिकट निळी आणि कोरी. कोण बोलले, काय ठरले, अटक कोणाकोणाला झाली, सगळे धुऊन गेलेले. आणि त्याआधीच्या एका वर्षाचा चहा-चिवड्याचा हिशेब मात्र स्पष्ट वाचता येत होता. वही तीच, पाणी तेच, हस्ताक्षरही तेच. फरक फक्त शाईच्या बाटलीचा होता. हिशेबाच्या वर्षी घरात निळी-काळी शाई होती आणि मोर्चाच्या वर्षी धुऊन निघणारी निळी.

तेव्हापासून आम्ही शाईकडे रंग म्हणून पाहणे सोडले आणि तिचा इतिहास शोधू लागलो.

शाईची ढोबळमानाने तीन कुळे. पहिली काजळाची. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात घोटून केलेली, बोरूने लिहायची शाई. तिचा रंग उडत नाही, पण ती फाउंटन पेनात भरली तर काजळीचे कण बारीक वाटेत अडकून पेन कायमचा बसतो. दुसरी विद्राव्य रंगाची. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक निळ्या, हिरव्या, जांभळ्या शाया याच कुळातल्या. पेनाला निरुपद्रवी, डोळ्यांना सुखद, पण बहुतेक पाण्याला कच्च्या. तिसरी हिराकसाची. मायफळ किंवा हिरडा यांतले तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, हिराकसाच्या लोहाशी मिळते, हवेने काळे पडते आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसते. लिहिताना ही शाई इतकी फिकी असते की अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळत. निळे लिहायचे, काही दिवसांत काळे व्हायचे. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव तिथून आले. युरोपातले करार, जन्ममृत्यूच्या नोंदी, खरेदीखते शतकानुशतके याच शाईत लिहिली गेली.

मित्रांनो, इथे जरा थांबा. हिरडा, बाभूळ, हिराकस. ही नावे आपल्याला शाईमुळे माहीत आहेत का?

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. हिरड्यातले जे टॅनिन शाई पक्की करते, तेच कातडे कुजू देत नाही. अशा कमावलेल्या कातड्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की ते काळे होते. कागदावर अक्षर काळे होताना जी क्रिया घडते, तीच ही क्रिया. हा हिरडा सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा करतात ते आदिवासी. म्हणजे टॅनिन म्हणजे काय, ते किती दिवस मुरवायचे, लोहाशी त्याचा रंग कसा बदलतो, हे हाताने जाणणारी माणसे ढोरवाड्यात, चांभारवाड्यात आणि आदिवासी पाड्यांवर होती. ज्ञान त्यांच्याकडे होते. दौत मात्र त्यांच्या घरात नव्हती.

हा योगायोग नव्हे. जातिव्यवस्थेने श्रमाची वाटणी केली, इतकेच सांगून भागत नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तिने श्रमिकांचीच वाटणी केली. एकाच रसायनातून एका घरात कातडे आले आणि तो विटाळ ठरला. दुसऱ्या घरात दप्तर आले आणि ते वतन ठरले. गावगाड्यात महार सरकारी सारा तालुक्याला पोचवी, टपाल नेई, शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची असे. पण ती साक्ष कागदावर उतरवणारी लेखणी कुलकर्ण्याची. काय लिहिले ते वाचायची सोय साक्षीदाराला नाही. अशा लेखणीवाल्यांना जोतीरावांनी ‘कलमकसाई’ म्हटले, ते उगाच नव्हे.

ही मक्तेदारी सहजासहजी सुटली नाही. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी एका मांग मुलीने स्वतः लिहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि एकासाठी बहुसंख्यांना दुखवायचे नाही म्हणून सरकारने तो नाकारला. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे या प्रकरणाचा दाखला दिला होता. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द केले आणि दप्तराचा वारसाहक्क मोडला. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत होते. ज्या शाळेत आपल्याला घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, तिची आठवण बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. गोणपाटापासून अग्रलेखापर्यंतचे हे अंतर लेखणीने कापले.

आता पेनाकडे येऊ. १८८४ मध्ये अमेरिकेत लुईस वॉटरमनला त्याच्या फाउंटन पेनाचे पेटंट मिळाले आणि दौतीविना लिहिणे सर्वसामान्य होऊ लागले. आपल्याकडे १९३० च्या दशकात स्वदेशीच्या वाऱ्यावर पेन आणि शाईचे उद्योग उभे राहिले. राजमहेंद्रीचे रत्नम पेन, बंगालची ‘सुलेखा’ शाई, १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेला शाईचा उद्योग, जो पुढे ‘कॅमल’ शाईमुळे घरोघर पोचला. या कारागिरांचे कौतुक आम्हालाही आहे. इबोनाइट लेथवर कातून केलेला देशी पेन हातात उबदार लागतो, ते सुख प्लॅस्टिकात नाही. पण स्वदेशीने एकच प्रश्न विचारला: पेन कोणत्या देशाचा? पेन कोणाच्या हातात, हा प्रश्न तिला सुचला नाही. तो महाडला, नाशिकला आणि गोलमेज परिषदेत आपल्या लोकांनी विचारला.

आणि १९३२ चा सप्टेंबर. ऑगस्टमधल्या निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. त्याविरुद्ध गांधीजी येरवड्याला उपोषणाला बसले आणि एका माणसाच्या जिवाचे ओझे बाबासाहेबांच्या खांद्यावर टाकले गेले. २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. सह्या झाल्यावर राजगोपालाचारींनी आनंदाच्या भरात आपला फाउंटन पेन बाबासाहेबांच्या पेनाशी बदलून घेतला, असे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग सौहार्दाचा म्हणून सांगितला जातो. आमचे म्हणणे असे की त्यात आनंद एका बाजूचा होता. पेनांची अदलाबदल झाली, सत्तेची झाली नाही. हातात पेन आला म्हणजे सही आपल्या मनासारखी करता येते असे नाही, हा त्या दिवसाचा धडा. त्या कराराची चिकित्सा बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात सविस्तर केली. सहीला उत्तर त्यांनी पुन्हा लेखणीनेच दिले.

अशा माणसाला उत्तम पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या लोकांच्या आठवणींतून आपल्याला माहीत आहे. पुस्तकांवर खर्च आणि पेनांवर प्रेम. याला कोणी चैन म्हणेल काय? ज्यांच्या पिढ्यांना चिंधी, मडके आणि खरकटे नेमून दिले होते, त्यांच्यातल्या एकाने पूर्ण सूट घातला, खिशाला पेन लावला, तो नेमून दिलेल्याला नकार होता. चांगल्या वस्तूचा आनंद घेणे हाही माणूसपणाचा भाग आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी उशाशी मागवून घेतली होती. शेवटच्या रात्रीही काम लिहिण्याचेच होते. म्हणून गावोगावच्या पुतळ्यांच्या खिशाला पेन आहे. मूर्तिकाराने शोभेसाठी तो लावलेला नाही.

तर त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे. पेन आणि शाईची जोडी जमवणे हे आमच्यासाठी आनंदाचे आहे आणि कामाचेही. ते काम कसे, ते सांगतो.

इतिवृत्त, ठराव, सभासदांच्या नोंदी आम्ही हिराकसाच्या निळ्या-काळ्या शाईने लिहितो. ती आम्लधर्मी असते, पोलादी निब हळूहळू खाते, सोन्याच्या निबेला काही करत नाही. म्हणून सोन्याच्या निबेचा एकुलता एक पेन त्या शाईसाठी राखला आहे. चैन म्हणून मिरवायला तो नाही. तुमच्याकडे पोलादी निब असेल तर पेन रोज चालता ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवा. या शाईचा आणखी एक गुण म्हणजे स्वस्त कागदावर ती सहसा फुटत नाही, आणि आपल्या मंडळांच्या वह्या स्वस्तच असतात. हल्ली ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोह असतेच असे नाही. म्हणून एक ओळ लिहा, दोन दिवस ठेवा, मग कागद पाण्यात बुडवा. अक्षर राहिले तर शाई ठेवा.

टिपणे आणि भाषणाचे मुद्दे आम्ही हैदराबादी घाटाच्या इबोनाइट पेनाने काढतो. त्यात ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची. एकदा भरला की पानामागून पान. निब ओली चालते म्हणून तिला जरा कोरडी वाहणारी निळी शाई देतो. ओल्या निबेला ओली शाई दिली तर अक्षराचे गाळण होते. नळी रिकामी होत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन टपकन शाई ओकतो. तेव्हा तो वेळीच भरावा, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात तर मुळीच ठेवू नये. चिनी ‘हीरो’ मुलांच्या सरावाला. त्यात धुऊन निघणारी निळी, कारण तिथे डाग जाणे महत्त्वाचे, अक्षर टिकणे नाही.

चुकीची जोडी पेन मारते, हे मोठ्या कंपन्यांनाही ठाऊक होते. पार्करने १९४१ मध्ये ‘पार्कर ५१’ आणला तेव्हा त्याच्यासाठी झटकन वाळणारी वेगळी शाई काढली. ती इतकी तीव्र होती की दुसऱ्या पेनात भरू नका, असा इशारा बाटलीवर छापावा लागला. सेल्युलॉइडचे पेन तिने खराब होत.

आपल्या संविधानाची हस्तलिखित प्रत, जिच्यावर २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या, ती संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत जपलेली आहे. ती जपलीच पाहिजे. पण त्या संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या वस्त्यांच्या वह्या कोणत्या पेटीत आहेत? त्या पत्र्याच्या ट्रंकेत, गळक्या छपराखाली आहेत. उद्या कोणी विचारले की नामांतरासाठी तुमच्या चाळीने काय केले, तर आमच्याजवळ वडिलांचा शब्द उरला आहे, कागद नाही. चहा-चिवड्याचा कागद आहे.

सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला आपण हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ देतो. ही फार चांगली प्रथा आहे. आमची विनंती इतकीच की यंदा मंडळाच्या चिटणिसाच्या हातात टिकणाऱ्या शाईची एक बाटलीही द्या. नव्वद-शंभर पानांची एक वही आखा आणि यंदाच्या जयंतीपासून लिहायला घ्या. वर्गणी लिहा, पण मोर्चाही लिहा. ज्यांनी हिरडा वेचला आणि कातडे कमावले, त्यांच्या नातवंडांचे लिहिलेले पाण्याने पुसले जाऊ नये.

जय भीम!