‘वाय’चा ‘आय’ खरोखर होतो काय?

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाकडून एक नियम आरंभीच घोकून घेतला जातो. शब्दाच्या अंती ‘वाय’ असून त्यापूर्वी व्यंजन असेल, तर अनेकवचनी ‘वाय’चा ‘आय’ करून पुढे ‘ई-एस’ जोडावे. सिटी, लेडी, बेबी यांची रूपे अशीच सिद्ध होतात. मंकी, बॉय यांत ‘वाय’पूर्वी स्वर असल्यामुळे नुसता ‘एस’ पुरतो. नियम उपयोगाचा आहे यात वाद नाही. परंतु त्यात वर्णिलेला पालट इतिहासात त्या क्रमाने झालेलाच नाही, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

मध्ययुगीन इंग्रजी लेखनिक ‘आय’ व ‘वाय’ ही अक्षरे बहुधा एकाच स्वराकरिता योजीत. हस्तलिखितांत ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही सारी अक्षरे आखूड उभ्या रेघांची असत. त्या दाटीत ‘आय’ची एकटी रेघ हरवू नये म्हणून तेथे ‘वाय’ लिहिणे सोयीचे पडे. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तरी हा अनियम लगेच मिटला नाही. सोळाव्या शतकात सिटी, लेडी यांसारख्या शब्दांच्या अंती एकवचनातही पुष्कळदा ‘आय-ई’ लिहीत. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर याने १५८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एलिमेंटरी’ या ग्रंथाच्या नावातच अंती ‘आय-ई’ आहे! अंत्य स्वर मृदू असेल तेथे ‘आय-ई’ आणि डिनाय, क्राय यांप्रमाणे ठसठशीत असेल तेथे ‘वाय’, अशी वाटणी त्याने सांगितली. पुढे एकवचनात सर्वत्र ‘वाय’ रूढ झाला. अनेकवचनात मात्र ‘एस’पूर्वीचे ‘आय-ई’ तसेच राहिले. म्हणजे वस्त्र बदलले ते एकवचनाने. अनेकवचन जुनेच नेसून उभे आहे.

मराठी वाचकास हे परके वाटू नये. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या नियमांनी ‘कवि’, ‘गुरु’ हे शब्द सुटे लिहिताना दीर्घान्त झाले; ‘कविराज’, ‘गुरुजन’ या समासांत मूळचा ऱ्हस्वच राहिला. तेथे दीर्घाचा ऱ्हस्व होतो असे शिकविणे म्हणजे नातवाला आजोबांचा बाप ठरविणे होय.

‘सिटी’ला नुसता ‘एस’ लावणारा मुलगा आपल्याकडे मंदबुद्धीचा ठरतो. वस्तुतः त्याने डोळ्यांपुढच्या रूपावरून सरळ अनुमान केलेले असते. त्याला ठाऊक नसतो तो केवळ इतिहास. तो अवश्य सुधारावा, पण छडीने नव्हे. नियमामागची हकीकत त्यास दोन वाक्यांत सांगितली, तर नियम स्मरणात राहील आणि भाषा ही माणसांनी घडविलेली वस्तू आहे, ही मोठी गोष्टही त्याला कळेल.