फालतू नळी

टर्बोवर एक भाग करीन म्हणून बरेच दिवस सांगतोय. आज करूच. पण सुरुवात चिखलदऱ्याच्या घाटापासून.

मी बडनेऱ्याचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. घरी बाबांची जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. गेल्या मे महिन्यात ती चढावर दमायला लागली. आपल्याकडच्या उन्हात रबर किती टिकणार? टर्बोकडे जाणारी एक बारीक नळी तडकली होती. गॅरेजवाल्या भाऊनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "इतक्या फालतूच्या नळ्या कायले पाह्यजे? दोनच पुरतात." मी लगेच हो म्हटलं. आमच्या धंद्यात जुना कोड उडवण्यासारखं सुख नाही. पाचाच्या दोन नळ्या झाल्या आणि गाडी पळायला लागली.

आठवड्यानं चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत होतो. तीन-चार वळणं झाली आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं. मागे आई आणि मोठे बाबा. दोन्ही पायांनी पेडल दाबलं, गाडी दुसऱ्या गियरवर आणली, हँडब्रेक ओढत ओढत कडेला लावली. कोणाला काही झालं नाही. हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

मोठे बाबा रेल्वेत गार्ड होते. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या गाडीत पाइप सुटला का गाडी जागीच उभी राहे. तुह्या गाडीत सुटला का थांबतच नाई. हे कोनतं शहाणपन?"

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

बडनेऱ्यावरून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्या काळात आगगाडी पळवणं जमलं होतं, थांबवणं अजून नीट जमायचं होतं. इंग्लंड-आयर्लंडात तेव्हा 'साधा' व्हॅक्यूम ब्रेक चालायचा. इंजिनानं पाइपातली हवा ओढली की ब्रेक लागायचा. स्वस्त, सुटसुटीत. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. ती दोन तुकड्यांत न्यायची ठरलं. डबे सोडले, पाइप सुटला आणि मागच्या डब्यांचा ब्रेकच गेला. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून प्रवासी गाड्यांना 'ऑटोमॅटिक' ब्रेक सक्तीचा केला. त्यात उलटं असतं. पाइपात कायम व्हॅक्यूम ठेवायचा आणि हवा शिरली की ब्रेक लागायचा. भारतीय रेल्वेनं हाच ब्रेक कित्येक दशकं वापरला. मोठे बाबा त्याच गाड्यांवर होते. पुढे एअर ब्रेक आला. त्यात पाइपात दाब असतो, पण तत्त्व तेच: पाइप फुटला तर गाडी थांबली पाहिजे.

आता मोटारीकडे. मोटारीचा ब्रेक बूस्टर व्हॅक्यूमवर तुमच्या पायाला जोर देतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम फुकट मिळतो, कारण थ्रॉटल हवा अडवतो. डिझेलला तशी अडवणूक नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या कितीतरी डिझेल गाड्यांत तो ऑल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असायचा. आणि पंप आहेच, तर त्याच व्हॅक्यूमवर टर्बोही चालवा, असं ठरलं. घोळ इथेच आहे. ताकदीची नळी आणि ब्रेकची नळी एकाच विहिरीवर.

टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याचं, १९०५ सालचं. मोटारींत तो १९६२ मध्ये अमेरिकेत आला. तिथल्या ओल्ड्समोबिल जेटफायरला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक विसरायचे. शेवटी अनेक गाड्यांवरून टर्बोच काढला आणि साधा कार्ब्युरेटर लावला. सुटसुटीतपणाचा हा एक मार्ग. १९७७ मध्ये दाखवलेल्या साब ९९ टर्बोचा मार्ग जास्त शहाणा होता: टर्बोच्या दाबाची एक नळी एका पडद्याकडे जाते, दाब वाढला की पडदा हलतो, वेस्टगेट उघडतं आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. मग कॉम्प्युटर आला. मध्ये विजेचा व्हॉल्व्ह बसला, एकाच्या तीन नळ्या झाल्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशा आणखी वाढल्या. १९९० च्या दशकातल्या माझ्दा आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो एकामागून एक जागे करायला इतक्या नळ्या होत्या की मालक त्या जंजाळाला उंदराचं घरटं म्हणत. पुष्कळांनी नळ्या उपटून दोन्ही टर्बो एकदम चालवले. घरटं गेलं, पण कमी स्पीडला मिळणारी ओढही गेली.

म्हणजे नळ्या कमी करणं चूक नाही. कारखान्यांनीही पुढे तेच केलं. आज कितीतरी टर्बोंवर विजेची मोटर असते, व्हॅक्यूमची नळीच नाही. पण तिथे नळीचं काम दुसऱ्या कोणाला तरी दिलेलं असतं. आम्ही ते काम कोणालाच दिलं नव्हतं. कापलेल्या तुकड्यात एक बोटभर प्लॅस्टिकचा एकमार्गी व्हॉल्व्ह होता. पंप कमी पडला तरी बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरता धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. तो गेला. वर टर्बोसाठी ब्रेकच्याच नळीत जो टी-जॉइंट टाकला, तो हवा खात होता. उतारावर इंजिन हळू, पंप हळू, आणि ब्रेक मी सारखा दाबतोय.

म्हणून तुमच्या गाडीत कोणी नळ्या कमी करत असेल, तर आधी प्रत्येक नळी कुठून कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढा. बूस्टरची नळी आणि तिचा व्हॉल्व्ह यांना हात लावू देऊ नका. काम झाल्यावर इंजिन बंद करून पेडल दाबून बघा: पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर घाटात जाऊ नका.

आमच्या गाडीत व्हॉल्व्ह परत बसवला. बिघाड गॅरेजवाल्यानं एकट्यानं नव्हता केला, न विचारता हो मी म्हटलं होतं. जुना काढलेला टी-जॉइंट मोठ्या बाबांनी खिडकीत ठेवलाय. मी सुट्टीत घरी आलो की विचारतात, "काय बाबू, आज काय फालतू हाय?"

भेटू पुढच्या भागात.