शिकारी सुऱ्या, मुद्राविरहित

शिकारी सुऱ्या, मुद्राविरहित : निर्मात्याचे नाव, चिन्ह अथवा देशनाम पात्यावर नसलेल्या जुन्या शिकारी सुऱ्या. शेफील्ड (इंग्लंड), झोलिंगेन (जर्मनी) व अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत शिकारी सुऱ्यांच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे होती. मुद्रा नसणे हे प्राचीनत्वाचे लक्षण नव्हे. वारंवार घासल्याने ती झिजते. गावच्या लोहाराच्या सुरीवर ती बहुधा नसतेच. तर काही वेळा अधिक किंमत मिळावी म्हणून ती मुद्दाम पुसली जाते. त्यामुळे अशा सुरीचा काळ तिच्या घडणीवरून व द्रव्यावरून ठरवावा लागतो.

प्रत्येक द्रव्य काळाची केवळ पूर्वमर्यादा दर्शविते. गंजरोधी पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे तयार केले, तर बेकेलाइट हे लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये. मूळची बेकेलाइटची मूठ असलेली सुरी त्यापूर्वीची असू शकत नाही. याउलट, गंजलेले पाते जुनेच असते असे नाही. कारण साध्या कार्बनी पोलादाची पाती आजही घडविली जातात. सांबरशिंगाची मूठही दीर्घकाळ प्रचारात राहिल्याने एकटी निर्णायक ठरत नाही. हे शिंग भारतातून शेफील्डला जात असे. चामड्याच्या चकत्या ओवून केलेली मूठ मात्र अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी वेब्स्टर मार्बल यांच्या सुऱ्यांमुळे लोकप्रिय झाली.

अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे १८९१ पासून आवश्यक झाले. तथापि देशनाम नसलेली प्रत्येक सुरी त्याआधीची मानणे चुकीचे होय. अमेरिकेतच बनलेल्या व इतर देशांत विकलेल्या सुऱ्यांना हा कायदा लागू नव्हता.

१८२७ च्या सँडबार चकमकीनंतर प्रसिद्धी पावलेल्या बोवी सुरीस संग्राहकांत मोठे मोल असल्याने तिच्या नकलाही पुष्कळ आहेत. अशा वेळी पाते, परज, रिव्हेट, मूठ व म्यान यांची स्वतंत्रपणे तपासणी करतात. सर्वच भाग मूळचे असतील, तर त्यांपैकी सर्वांत अर्वाचीन भाग सुरीची पूर्वमर्यादा ठरवितो. एखादा भाग नंतर बदललेला आढळल्यास त्याची तारीख केवळ दुरुस्तीची असते. परजेखालचा गंज व मुठीची झीज एकमेकांशी जुळतात की नाही, यावरून अशी अदलाबदल ओळखता येते.

पाते चकचकीत करण्याच्या हौसेपायी गंजाचा थर, घासणीच्या रेषा आणि क्वचित अंधुक उरलेली मुद्राही नष्ट होते. असा पुरावा एकदा गेला, की तो पुन्हा मिळत नाही. म्हणून तपासणीपूर्वी सुरी साफ न करणे श्रेयस्कर होय. पुरावा अपुरा असल्यास नेमक्या वर्षाऐवजी काळाच्या दोन मर्यादा नोंदविणे हेच शास्त्रशुद्ध ठरते.