सुपाच्या वाटीतून उभी राहिलेली खानावळ

पॅरिसमध्ये फोबूर-माँमार्त्र रस्त्यावरच्या ७ क्रमांकाच्या दारातून आत गेले की चौक लागतो आणि चौकापलीकडे 'बुयों शार्तिए'. शार्तिए बंधूंनी १८९६ साली सुरू केलेली ही खानावळ आजही त्याच जागी आहे आणि तिचे कामही तेच आहे: खिशात बेताचे पैसे असलेल्या माणसाला टेबलाशी मानाने बसवून गरम जेवण वाढणे. तिची वाटचाल सांगायची तर मात्र तिच्या जन्माआधी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

'बुयों' म्हणजे मांस, हाडे, भाज्या उकळून काढलेले पातळ सूप. 'उकळणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा साधा, घरगुती शब्द. अठराव्या शतकात अशाच सुपाच्या एका ताकदीच्या प्रकाराला 'रेस्टॉरंट' म्हणत. खालावलेली प्रकृती पुन्हा उभी करणारे, म्हणून ते नाव. १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये मातुराँ रोझ द शांत्वाझो याने हे सूप देणारी जागा उघडली. बरीच वर्षे हे श्रेय बुलांजे नावाच्या कुणा सूपविक्याला दिले जाई. इतिहासकार रेबेका स्पँग यांनी जुने कागद धुंडाळून रोझला त्याचे स्थान दिले. तोवर बाहेर जेवायचे म्हणजे सामाईक टेबल, ठरलेली वेळ आणि समोर येईल ते अन्न. नव्या जागेत गिऱ्हाइकाला स्वतःचे टेबल मिळाले, हवी ती वेळ मिळाली आणि दर लिहिलेली यादीही मिळाली. माझ्या मते खरा शोध हाच. सूप निमित्त होते. पुढे सूप मागे पडले आणि त्याचे नाव जागेला चिकटले.

लवकरच ही जागा श्रीमंतांची झाली. राजघराण्यातल्या काउंट ऑफ प्रोव्हान्सच्या पदरी काम केलेल्या बोव्हिलिए याने क्रांतीपूर्वीच थाटाचे रेस्टॉरंट काढले होते. महोगनीची टेबले, झुंबरे, नेटके पोशाख घातलेले वेटर असा तिथला सरंजाम होता. प्रकृती सुधारायला निघालेली गोष्ट अशी ऐपत दाखवण्याची होऊन बसली.

मग बाजारात हमाली करणाऱ्याने जेवायचे कुठे? १८५०च्या दशकात त्याचे उत्तर दिले बातिस्त-आदोल्फ द्युव्हाल या खाटकाने. उत्तम तुकडे गिऱ्हाईक घेऊन जाई; उरलेल्या मांसाचे सूप आणि उकडलेल्या मांसाचा एक पदार्थ तो स्वस्तात विकू लागला. दुकानाला नाव पडले 'बुयों'. सुपाचे नाव जागेला मिळण्याची ही दुसरी खेप. द्युव्हालच्या शाखा शहरभर पसरल्या आणि त्यांची पद्धतही चोख होती. आत शिरताना छापील कार्ड हाती पडे, वाढणारी बाई त्यावर घेतलेल्या पदार्थांच्या खुणा करी आणि जाताना गल्ल्यावर हिशेब चुकता होई. पांढरा एप्रन घातलेल्या तिथल्या एका वाढपिणीचे चित्रकार रेन्वारने केलेले चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्या चेहऱ्यावरचा शांत आत्मविश्वास पाहिला की अशा जागांनी तिच्यासारख्या बायकांना मिळवून दिलेल्या रोजगाराचे मोल मला जाणवते.

शार्तिएंनी हाच वारसा घेतला आणि त्याला देखणी वास्तू दिली. उंच छत, त्यातून उतरणारा उजेड, भिंतभर आरसे, टोप्या-पिशव्यांसाठी पितळी मांडण्या. रोज येणाऱ्यांचे रुमाल ठेवायला क्रमांक घातलेले छोटे खण होते. ते अजून भिंतीत दिसतात. काळ्या जाकिटावर पांढरा एप्रन बांधलेला वेटर टेबलावरच्या कागदावरच पेनाने पदार्थ लिहितो आणि तिथेच बेरीज मांडतो. गर्दी असेल तर अनोळखी माणसाशेजारी बसावे लागते. रोझने मोडलेले सामाईक टेबल इथे परत आले, पण दरांची यादी आणि आपल्या मर्जीने निवडायची मुभा कायम राहिली. दोन्ही काळांतले चांगले ते उचलणारी ही मांडणी मला रेस्टॉरंटपेक्षाही शहाणपणाची वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये असे बुयों शेकड्यांनी होते. पहिल्या महायुद्धानंतर खाण्याच्या सवयी बदलल्या, नव्या धर्तीची भोजनगृहे आली आणि बहुतेक बुयों बंद पडले. शार्तिएचे फोबूर-माँमार्त्र रस्त्यावरचे घर टिकले. १९८९ साली त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. उकडलेली अंडी आणि मेयोनेझ, व्हिनेग्रेट घातलेला लीक, बटाट्यांबरोबरचे मांस असे साधे पदार्थ तिथे अजून मिळतात.

गेल्या दशकात या नावाला पुन्हा मागणी आली. २०१७ साली पिगाल भागात नवा बुयों उघडला. २०१९ साली माँपार्नासमधली विसाव्या शतकाच्या आरंभीची जुनी शार्तिए खानावळ मधली अनेक वर्षे दुसऱ्या नावाने चालल्यानंतर मूळ नावावर परतली. २०२२ साली गार द लेस्त रेल्वे स्थानकाजवळ शार्तिएच्या नावाने आणखी एक शाखा निघाली. गाडीतून उतरलेल्या भुकेल्या प्रवाशासाठी याहून योग्य ठिकाण निवडता आले नसते.