१८७८ चे लंडन, जेमची रुपेरी पूड आणि मुंबईचे बंदर

१/
कॅसान्ड्रा क्लेअर यांची 'द इन्फर्नल डिव्हायसेस' ही कादंबरीत्रयी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. २०१० ते २०१३ या काळात प्रसिद्ध झालेली ही त्रयी म्हणजे त्यांच्याच 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' या आधुनिक न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या मालिकेची पूर्वकथा. काळ १८७८ चा, स्थळ लंडन, राज्य राणी व्हिक्टोरियाचे. आजचा धागा या कादंबरीच्या धुक्यामागील खऱ्या इतिहासाविषयी आहे. हा इतिहास शोधू लागले की टेम्सच्या काठावरून निघालेली वाट थेट मुंबईच्या बंदरात येऊन पोहोचते.

२/
ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेसा ग्रे ही अनाथ तरुणी भावाच्या शोधात अमेरिकेहून इंग्लंडला येते. दैत्यांशी लढणाऱ्या 'शॅडोहंटर' योद्ध्यांच्या लंडनमधील संस्थेत तिला आसरा मिळतो. तिथे तिला दोन जिवलग मित्र भेटतात: वेल्समधून आलेला विल आणि शांघायमध्ये जन्मलेला, इंग्रज पिता व चिनी मातेचा मुलगा जेम. यांच्यासमोर उभी आहे कळसूत्री यंत्रमानवांची एक सेना. शेवट सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

३/
प्रथम कादंबरीचा देखावा. १८७८ चे लंडन हे चाळीस लाखांच्या आसपास वस्तीचे, त्या काळचे जगातील सर्वांत मोठे शहर होते. ज्या ब्लॅकफ्रायर्स पुलाला कथेत मानाचे स्थान आहे, तो तेव्हा अगदी नवा होता. राणीने त्याचे उद्घाटन १८६९ मध्ये केले. त्याच वर्षी, म्हणजे १८७८ च्या सप्टेंबरात, इजिप्तहून आणलेला 'क्लिओपात्राची सुई' हा प्राचीन स्तंभ टेम्सच्या काठी उभा राहिला आणि डिसेंबरात त्याच घाटावर विजेचे दिवे लागले. गॅसच्या दिव्यांचे जे लंडन आपल्याला इतके मोहवते, त्याच्या अस्ताची चाहूल तेव्हाच लागली होती. आणि ते रम्य धुके? घराघरांतील कोळशाच्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर मिसळलेले ते विषारी दाट धुके होते. १८७३ च्या डिसेंबरात अशाच एका धुक्याने शेकडो बळी घेतले.

४/
यंत्रमानव मात्र केवळ कल्पना असतील, नाही का? पूर्णपणे नाही. १८७५ पासून लंडनच्या पिकॅडिलीतील 'इजिप्शियन हॉल'मध्ये जादूगार मॅस्केलीन यांचा 'सायको' नावाचा पौर्वात्य वेषातील बाहुला प्रेक्षकांबरोबर पत्ते खेळत असे. त्यात माणूस दडलेला नव्हता. हवेच्या दाबावर तो चाले. याच शहरात साउथ केन्सिंग्टनला आणखी एक यंत्र होते: श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील पाडावानंतर लुटून आणलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. हँडल फिरवले की तो गुरगुरे आणि त्याच्या पंजाखालील गोरा मनुष्य कण्हे. युरोपीय माणसाच्या छातीवर बसलेले यंत्र पाहायला लंडनकरांना कादंबरीची गरज नव्हती.

५/
संस्थेची प्रमुख शार्लट ही स्त्री आहे म्हणून तिच्या अधिकारावर पुरुष सतत शंका घेतात. हेही काळाला धरून आहे. १८७८ मध्येच लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदवीची दारे खुली केली, असे करणारे ते ब्रिटनमधील पहिले विद्यापीठ. पण विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर सर्व प्रकारची मालमत्ता बाळगण्याचा हक्क मिळण्यासाठी १८८२ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. एक दार उघडत होते, दुसरे बंदच होते.

६/
आता मूळ मुद्द्याकडे वळू. कादंबरीतील सर्वांत हळवे पात्र जेम. बालपणी शांघायमध्ये एका दैत्याने त्याला छळताना 'यिन फेन' नावाची रुपेरी पूड त्याच्या अंगात भिनवली. आता ती घेतली नाही तर तो मरेल, आणि घेत राहिला तर ती त्याला हळूहळू मारील. पुढे त्या पुडीचा साठा कोणाच्या हाती, हाच कथेतील एक मोठा पेच होतो. शांघाय, व्यसन, पुरवठ्यावरचा ताबा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या पुडीचे खरे नाव ओळखायला वेळ लागत नाही. ते नाव म्हणजे अफू.

७/
व्हिक्टोरियन साहित्यात अफू आली की चित्र ठरलेले असते: लंडनच्या पूर्व भागातील लाइमहाउसची अंधारी खोली, धूर आणि गूढ चिनी माणसे. डिकन्सच्या १८७० मधील अपूर्ण राहिलेल्या शेवटच्या कादंबरीचा आरंभही अशाच अड्ड्यात होतो. प्रत्यक्षात त्या वेळी लंडनमध्ये राहणारे चिनी लोक फार तर काही शेकडा असतील, तेही बहुतांश खलाशी. अफूचा खरा प्रवेश इंग्रज घरांत औषधांच्या दुकानातून होत होता. मद्यार्कात विरघळवलेली अफू, म्हणजे 'लॉडनम', खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सर्वांवर चाले. रडणाऱ्या तान्ह्यांनाही अफूमिश्रित औषधे पाजली जात. १८६८ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर प्रथमच काही बंधने आणली. आपणही वेगळे नव्हतो: मुंबईच्या चाळींत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना निजवण्यासाठी अफूची 'बाळागोळी' देत.

८/
परंतु साम्राज्याला फायदा इंग्रज ग्राहकाकडून नव्हता, चिनी ग्राहकाकडून होता. इंग्लंडला चिनी चहाचे वेड लागले होते. चीनला मात्र इंग्लंडचा माल फारसा नको होता. त्याला हवी होती चांदी. ही चांदी वाचवण्याचा मार्ग सापडला भारतातील अफूत. चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी होती, म्हणून कंपनी स्वतः ती तिथे नेत नसे. ती कोलकात्यात लिलाव करी, खासगी व्यापारी पेट्या विकत घेत आणि चीनच्या किनाऱ्यावर तस्करी करत. हात स्वच्छ, तिजोरी भरलेली.

९/
भारतात अफूचे दोन प्रवाह होते आणि हा भेद महत्त्वाचा आहे. पूर्वेकडे, पाटणा व बनारस परिसरात, कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन बांधून घ्यायचे आणि सगळे पीक सरकारने ठरवलेल्या भावाने घ्यायचे, अशी ती व्यवस्था. पश्चिमेकडील माळव्यात मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांची राज्ये होती. तिथल्या अफूवर कंपनीचा हुकूम चालेना. अफूच्या या दुसऱ्या प्रवाहाचे मुख म्हणजे आपला पश्चिम किनारा.

१०/
कंपनीने माळव्याची अफू रोखण्याचा प्रयत्न केला. मग व्यापाऱ्यांनी वाट वाकडी केली: राजस्थानच्या वाळवंटातून कराचीला आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला. दमण कंपनीच्या हद्दीबाहेर होते. मूळचे गोमंतकीय असलेले रोजेरिओ द फारिया यांच्यासारखे व्यापारी या वाटेवर मातब्बर झाले. अखेर कंपनीने हार मानून १८३० च्या सुमारास दुसरा मार्ग काढला. अफू रोखायची नाही, तिला मुंबईमार्गे जाऊ द्यायचे आणि दर पेटीमागे परवाना-शुल्क घ्यायचे.

११/
या शुल्काचे आकडे फार बोलके आहेत. १८३५ मध्ये ते पेटीमागे १२५ रुपये होते. शुल्क वाढवले तर माल पुन्हा दमणला पळेल, ही भीती होती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची वाट बंद झाली. मग शुल्क चढू लागले: १८४७ मध्ये ४०० रुपये, आणि १८६० च्या दशकात ते ६०० रुपयांच्या घरात गेले. पेटीत साधारण साठ-पासष्ट किलो अफू मावे. सिंधच्या स्वारीची कारणे अनेक सांगितली जातात. तिचा लाभ मुंबईच्या जकातीला किती झाला, हे या आकड्यांवरून दिसते.

१२/
मुंबई या व्यापाराने घडली. 'अफूचे शहर' असाच तिचा उल्लेख इतिहासकार अमर फारूकी यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात केला आहे. जमशेटजी जीजीभाई यांनी तारुण्यात चीनच्या पाच सफरी केल्या. अशाच एका सफरीत फ्रेंचांच्या कैदेत सापडले असताना त्यांची विल्यम जार्डिन यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे जार्डिन यांची पेढी चीनच्या अफू-व्यापारात अग्रगण्य ठरली. जमशेटजींचे भागीदार होते जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, मारवाडी: या व्यापाराला धर्माचा विटाळ नव्हता.

१३/
१८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचा मालही होता. ब्रिटनने युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनला हाँगकाँग गमवावे लागले, नष्ट झालेल्या अफूची भरपाई द्यावी लागली आणि पाच बंदरे खुली करावी लागली. त्यांतील एक बंदर होते शांघाय. कादंबरीतील जेमचे जन्मगाव, इंग्रज पिता व चिनी मातेचे घर जिथे संभवते ते शहर, या तहातूनच उदयाला आले. त्याच १८४२ साली जमशेटजी 'सर' झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

१४/
आणि १८७८ मध्ये? दुसऱ्या अफू-युद्धाच्या दडपणाखाली १८५८ मध्ये चीनने अफूची आयात कायदेशीर केली होती आणि व्यापार ऐन भरात होता. शांघायमधील भारतीय अफूच्या व्यापारात तेव्हा आघाडीवर होते बगदादहून मुंबईत आलेले ससून घराणे. पुण्याचे ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळचे ससून ग्रंथालय, कुलाब्याचा ससून डॉक ही सारी याच घराण्याची नावे. म्हणजे जेम लंडनमध्ये आपली पुडी मोजत असल्याचे कादंबरी सांगते, त्या वर्षी खऱ्या शांघायच्या गोदामांत उतरणाऱ्या कित्येक पेट्यांनी मुंबईचे बंदर पाहिलेले होते.

१५/
'तो काळच तसा होता' असे कोणी म्हणेल. हे म्हणणे अपुरे आहे, कारण त्याच काळात नकार देणारेही होते. दादाभाई नवरोजी १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. अफू आणि मद्याच्या नफ्यात वाटा नको म्हणून त्यांनी ती भागीदारी सोडली. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने अफू-व्यापार बंद करण्यासाठी संस्था स्थापन झाली. म्हणजे हे चूक आहे असे समजणारी आणि उघड सांगणारी माणसे तेव्हाही होती. ऐकणारे थोडे होते, एवढेच.

१६/
मग जमशेटजी खलनायक ठरतात का? सर जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गोरगरिबांची सेवा करत आले आहे. माहीमच्या खाडीवरचा रस्ता त्यांच्या पत्नीच्या देणगीतून झाला. ज्यांचे प्राण त्या रुग्णालयात वाचले त्यांच्यासाठी तो पैसा कुठून आला हा प्रश्न गौण आहे, आणि कँटनमध्ये ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्यासाठी तो कुठे गेला हा प्रश्न गौण आहे. इतिहासाने यांतला एकच हिशेब मांडून दुसरा पुसू नये. पुतळा काढणे सोपे आहे, पुतळ्याला हार घालणेही सोपे आहे. दोन्ही बाजू एकाच पानावर लिहिणे अवघड, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम तेच आहे.

१७/
कल्पित कथा इतिहास शिकवत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ती प्रश्न पेरते. 'यिन फेन' दैत्याने आणली, असे कादंबरी म्हणते. इतिहासात ती आणायला दैत्य लागला नाही. माळव्याचा शेतकरी, इंदूर-उज्जैनचा सावकार, खानदेशातून उतरणारी बैलगाडी, मुंबईचा दलाल, जकातीचा कारकून आणि लंडनचा चहा पिणारा सद्गृहस्थ एवढी साधी माणसे पुरली. यांतील बहुतेकांनी जेमसारखा रुग्ण कधी पाहिलाही नसेल.

१८/
तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीतील व्हिक्टोरियन धुके, घोडागाड्या आणि झगे पाहून मन हरखले तर जरूर हरखू द्या. फक्त एक प्रश्न सोबत ठेवा: या दिवाणखान्यातील चहाचे पैसे कोणी, कुठे आणि कशाने चुकते केले? उत्तराचा एक धागा आपल्या घराजवळ निघण्याची शक्यता बरीच आहे. मुंबईकर असाल तर भायखळ्याला जाताना जे. जे.च्या दारापाशी क्षणभर थांबून पाहा.

धागा समाप्त. चुका आढळल्यास अवश्य सांगाव्यात.