शुक्रवार की मंगळवार?

जेधे शकावलीत शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० धरतात. शासकीय जयंतीही त्याच दिवशी होते. खडवलीतल्या एखाद्या मुलाने पायथन शिकताना ही तारीख देऊन वार विचारला, तर उत्तर येते १. तिथे सोमवार म्हणजे ०. तेव्हा हा मंगळवार झाला. मग शकावली खोटी ठरते काय?

नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेतली तारीख आहे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून नवी गणना सुरू केली. गोव्याच्या पोर्तुगीजांनी ती घेतली; सुरतेच्या वखारीतले इंग्रज मात्र जुनीच चालवीत राहिले. इंग्लंडने ती १७५२ मध्ये स्वीकारली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. पायथन हा इतिहास जाणत नाही. नवी गणनाच तो थेट इसवी सन १ पर्यंत मागे नेतो. दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० ही तारीख द्यावी. उत्तर येते ४, म्हणजे शुक्रवार.

शकावलीकाराने तिथीबरोबर वारही लिहून ठेवला, म्हणून हा पडताळा घेता येतो. जुनी तारीख संगणकाला देण्याआधी ती कोणत्या गणनेतली, हे विचारलेच पाहिजे. नाहीतर यंत्राचा बिनचूक हिशेबच अस्सल नोंदीला खोटे पाडील.